चोविसावी नळी

मोठी चादर एकट्या माणसाला नीट घडी करता येत नाही. दोघं लागतात. दोन टोकांना दोघं उभे, प्रत्येकाच्या हातात दोन कोपरे. चादर ताणायची, एकदा झटकायची, चार पावलं पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, खाली लोंबणारी घडी एकाने उचलायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एका चादरीत दोन माणसं तीनदा एकमेकांच्या श्वासाइतकी जवळ येतात. हे मी मोजलंय. मोजायची सवय आहे मला.

माझा मामा ज्या लॉन्ड्रीत मुकादम आहे तिथे घडीकाका आणि लंबूकाका ही जोडी बावीस वर्षं दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी घडी करत होती. आता घडीकाका एकटे करतात. दोन कोपरे भिंतीतल्या दोन खिळ्यांना अडकवतात, दुसरे दोन हातात धरतात आणि खिळ्यांकडे चालत जातात. खिळे मामाने ठोकले. पण ते ठोकावे लागले मी काढलेल्या एका चित्रामुळे, आणि ते चित्र चूक होतं.

साथ सुरू झाली तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच आरोग्य कार्यालयात लागले होते. मामा-मामीकडे राहत होते, कारण तिथून कार्यालय चालत दहा मिनिटांवर. माझं काम याद्यांचं. नाकातून घशापर्यंत काडी फिरवून नमुना घ्यायचा, काडी एका नळीत ठेवायची. नळ्या चोवीस घरांच्या पेटीतून प्रयोगशाळेत जायच्या आणि दोन-तीन दिवसांनी निकाल यायचे. मी निकालाला नाव जोडायचे, नावाला पत्ता, पत्त्याला फोन. मग फोन करून विचारायचं : ताप कधी आला? खोकला कधीपासून? कोणाकोणाला भेटलात? त्यातून चित्र काढायचं. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल, गोलात लक्षणांची पहिली तारीख, आणि आधीच्या तारखेच्या गोलाकडून नंतरच्या तारखेच्या गोलाकडे बाण.

चित्रं मी फार नेटकी काढायचे. आमच्या मुख्य डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "तुझे बाण बघून रोगालासुद्धा शिस्त लागेल." त्या दिवशी दिवसभर मी हवेत होते.

याद्यांसाठी मी एक नियमही केला होता. ज्या नळीवर लेबल नाही आणि यादीत जिचं नाव नाही, ती रद्द. लाल रेघ, बाजूला कारण, खाली सही. त्याआधी लोक अंदाजाने नावं चिकटवायचे. एका बाईंना शेजारणीचा निकाल गेला होता आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. माझ्या नियमानंतर असं एकदाही घडलं नाही.

हे सगळं घडलं त्या महिन्याच्या चार तारखेला कार्यालयात नव्या माणसांचं प्रशिक्षण होतं. काडी कशी फिरवायची ते दाखवायला खुर्चीवर कुणीतरी बसायला हवं होतं. मी बसले.

"ताई, डोळ्यांतून पाणी आलं की समजायचं, काडी बरोबर पोचली," आमचा तंत्रज्ञ म्हणाला.

पाणी आलं. सगळे हसले. मीही हसले, आणि डोळे पुसत याद्यांकडे परत गेले. काडीचं पुढे काय झालं हे विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

पाच तारखेला मामाने मला लॉन्ड्रीत नेलं. "आमच्या लोकांना जरा समजावून सांग," तो म्हणाला. "माझं कोण ऐकतंय? भाची शास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर ऐकतील."

कपाळावर रोखून ताप मोजायची बंदूक तेव्हा नुकतीच आली होती. ती घेऊन मी सकाळच्या पाळीला दारात उभी राहिले.

"घाला गोळी एकदाची," घडीकाका म्हणाले आणि डोळे मिटून छाती पुढे काढली. बुटका, रुंद माणूस, दंडावर कापडाची धूळ.

त्यांच्या मागे लंबूकाका. माझा हात पोचेना.

"शिडी आणा रे, याचं कपाळ ढगात आहे," घडीकाका ओरडले.

लंबूकाका वाकले. कुणालाच ताप नव्हता. शेवटी मी बंदूक स्वतःच्या कपाळावर लावली आणि आकडा सगळ्यांना दाखवला. "बघा, मला ताप नाही. म्हणजे मी आत यायला हरकत नाही." हे वाक्य मी बोलले होते. तसंच्या तसं.

आत यंत्रांचा आवाज इतका, की मला माझंच बोलणं ऐकू येईना. मी मास्कमधून पाच मिनिटं बोलले. समोर बारा माणसं निर्विकार. मग घडीकाकांनी आधी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, नंतर माझ्या तोंडाकडे.

"इथे सगळे ओठ वाचतात!" मामा माझ्या कानात ओरडला. "ते खाली घे!"

मी मास्क हनुवटीवर ओढला. घडी टेबलाभोवती सगळे जवळ आले. चाळीस मिनिटं मी ओरडून बोलले. घडीकाकांचे कान यंत्रांच्या आवाजाने कधीच गेले होते, त्यांना तर ओठ वाचूनही जमेना, कारण माझे शब्द पुस्तकातले होते. म्हणून मी त्यांच्या खांद्याला धरून, वीतभर अंतरावरून ओरडले, "सहा फूट अंतर ठेवा!"

त्यांनी मान डोलावली आणि लंबूकाकांकडे वळले.

"काय म्हणते?" लंबूकाकांचे ओठ.

"म्हणते, माझ्यापासून लांब राहा."

"बावीस वर्षांनी सुचलं होय?"

सगळी लॉन्ड्री हसली. मीसुद्धा, तोंड भरून.

नऊ तारखेला घडीकाकांना ताप आला. दहाला लंबूकाकांना आणि इस्त्री विभागातल्या एका बाईला. अकराला धुण्याच्या यंत्रांवरच्या दोघांना. तेराला मामाला, तोही दोन दिवस नुसता कणकणल्यासारखा. बाकीचे आठवड्याभरात उठले. लंबूकाका दवाखान्यात गेले आणि चौदाव्या दिवशी वारले.

चित्र मी ते दवाखान्यात असतानाच काढलं. सगळ्यात आधीची तारीख नऊ, म्हणून सगळ्यात वर घडीकाकांचा गोल. तिथून पाच बाण खाली.

मला थांबायला हवं होतं. मी थांबलेही होते, अर्धा मिनिट. नऊ, दहा, दहा, अकरा, अकरा. तारखा इतक्या चिकटून असल्या, तर आधी शंका यायला हवी ती एका दिवसाची आणि एका ठिकाणाची, जिथे सगळ्यांना मिळून लागण झाली. एकाने दुसऱ्याला दिला असता तर मध्ये थोडे जास्त दिवस दिसले असते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण घेतले होते. म्हणून मी यादीत नऊच्या आधीची तारीख असलेलं कुणी शोधलं. कुणी नव्हतं. माझ्या पद्धतीत ज्याला ताप नाही त्याला तारीख नव्हती, आणि ज्याला तारीख नाही त्याला गोल नव्हता. मी खाली बारीक अक्षरात 'संभाव्य' असं लिहिलं आणि चित्र पूर्ण केलं.

मामाने प्रत मागितली. "लोकांना दिसलं पाहिजे कसं पसरतं ते," म्हणाला. त्याने ती हात धुण्याच्या बेसिनवर चिकटवली. त्यावर नावं नव्हती, फक्त विभाग. वरच्या गोलात 'घडी विभाग, ९ तारीख'. घडी विभागात माणसं दोनच. दुसरा दवाखान्यात.

पुढचं मी मामाकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकलं. घडीकाका बरे होऊन आले तेव्हा चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी तयार होईना. मामाने एका-दोघांना रागावून उभं केलं, तर ते कोपरे फेकल्यासारखे द्यायचे आणि मागे सरायचे. घडीकाकांना 'पहिला' असं नाव पडलं. "पहिला आला का?" "पहिल्याचा पेला वेगळा ठेवा." तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मास्क घालून म्हटलेलं त्यांना कळतच नव्हतं, त्यामुळे तोंडावर आणि पाठीमागे यांत फरक राहिला नव्हता. मास्क आल्यापासून ओठ वाचणारा तो माणूस एकदम मुक्या प्रदेशात जाऊन पडल्यासारखा झाला होता. शेवटी मामाने त्यांना मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींवर नेमलं आणि भिंतीत खिळे ठोकून दिले.

"बरं पडतं त्यालाच," मामा म्हणाला. "मोकळी हवा असते."

लंबूकाकांच्या बायकोने, काकूंनी, घडीकाकांना दारातून परत पाठवल्याचंही मी ऐकलं. मला वाईट वाटलं. पण हे साथीचं दुःख आहे, असं मी मनात म्हटलं. त्यात माझा हात आहे असं मला वाटलं नाही.

दोन महिन्यांनी कार्यालयातल्या सगळ्यांच्या रक्ताची तपासणी झाली. माझ्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, म्हणजे मला संसर्ग होऊन गेला होता. कधी, ते कळायला मार्ग नव्हता. एक शिंकही आली नव्हती.

मी घरी हे कौतुकाने सांगितलं. मामीने तर फोनवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं. "अगं, होऊन गेलासुद्धा! हिला पत्ता नाही. आमची भाची लोखंडाची आहे लोखंडाची." मामाने लॉन्ड्रीतही सांगितलं. तेव्हा घडीकाका तिथे होते का, हे मी नंतर विचारलं. होते, पण मामा मास्कमधून बोलत होता.

मग मॅडमनी मला एक अहवाल लिहायला दिला. लक्षणं न दिसणारे किती, ते तसे का राहतात, आणि त्यांच्यामुळे आपल्या कामात काय बदलायला हवं. विषय मला आवडला. मी आठवडाभर वाचत होते. ताप आणि खोकला हा बराचसा आपल्याच शरीराचा आरडाओरडा असतो. काही शरीरं ओरडत नाहीत. वय कमी असलं तर पहिली फळी लवकर जागी होत असावी. पूर्वीच्या साध्या सर्दीची आठवण रक्तात राहिली असेल तर तिचाही उपयोग होत असावा. शिवाय शिरलेल्या विषाणूचं प्रमाण, काही जनुकं. खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं. मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचनात येत होती : शरीर गप्प आहे म्हणून नाकातला विषाणू गप्प असतो असं नाही. आणि आमची सगळी यंत्रणा, बंदुका, फोन, माझे गोल, ओरडणाऱ्या शरीरांसाठी बनवलेली होती.

लक्षणं नसलेले लोक याद्यांमध्ये कुठे हरवले असतील? मी विचार केला आणि रद्द झालेल्या नळ्या काढल्या. एकूण एकतीस. सगळ्यांवर माझी लाल रेघ.

त्यातली एक चार तारखेच्या पेटीतली. यादीत नावं तेवीस, पेटीत नळ्या चोवीस. चोविसाव्या नळीपुढे प्रयोगशाळेने लिहिलं होतं : लेबल नाही, निकाल पॉझिटिव्ह. त्यावर लाल रेघ, 'नाव नाही, रद्द', सात तारीख, माझी सही.

रेघ मारल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दोनशे निकाल आले होते.

मी यादी घेऊन तंत्रज्ञाकडे गेले. "ही पेटी आठवते? यात एक नळी जास्तीची कोणाची?"

त्याने तारीख पाहिली. "चार? त्या दिवशी प्रशिक्षण नव्हतं का? अहो ताई, ती तुमचीच असणार. तुम्ही बसला होतात खुर्चीवर." तो हसला. "नव्या लोकांनी सवयीने पेटीत ठेवून दिली असेल. का? काही घोळ झाला का?"

"नाही," मी म्हटलं. "बेरीज लागत नव्हती."

जागेवर येऊन बसले. चारला नाकात विषाणू. पाचला लॉन्ड्री. मास्क हनुवटीवर. चाळीस मिनिटं ओरडणं. नऊ, दहा, दहा, अकरा, अकरा. तारखा पहिल्यापासून ओरडून सांगत होत्या. आणि सातला कुणी नुसतं विचारलं असतं, ही चोविसावी कोणाची, तर आठला मी सगळ्यांना घरी बसवलं असतं. नऊला घडीकाकांनी लंबूकाकांबरोबर तापातच शेवटच्या चादरी केल्या, त्या केल्या नसत्या. विचारायचं काम माझंच होतं. मी रेघ मारली.

अकरा दिवस मी कुणाला सांगितलं नाही. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय. त्या अकरा दिवसांत मी स्वतःला जे जे सांगितलं ते सगळं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. सिद्ध काहीच होत नाही. नळी माझी असण्याची दाट शक्यता, पण शक्यताच. घडीकाकांना दुसरीकडूनही लागण झाली असेल. पुराव्याच्या मर्यादा मला एवढ्या प्रिय कधीच नव्हत्या. चित्र काढताना त्यातली एकही आठवली नव्हती. त्या दिवसांत मी मामीच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि मामी म्हणत होती, "काम फार पडतं बिचारीला." मला जास्तीचं वाढत होती.

बाराव्या दिवशी मॅडमच्या टेबलावर यादी ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला.

"शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "सिद्ध नाही."

"घडी विभागाचं सिद्ध होतं?"

"आपण 'संभाव्य' लिहिलं होतं."

"मॅडम, भिंतीवर ते कोण वाचतंय?"

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "अहवालात घाल. नियम बदलू आपण. बिननावाची नळी पॉझिटिव्ह आली तर पेटीतल्या सगळ्यांना, खोलीतल्या सगळ्यांना विचारायचं. लक्षणं नसली तरी संपर्कातल्यांची तपासणी. याने पुढची माणसं वाचतील. तुला जाऊन कुणाला काही सांगायची सक्ती नाही. तसा नियम नाही आपल्याकडे."

"माहितीये," मी म्हटलं. बाहेर आल्यावर कळलं की सक्ती असती तर बरं झालं असतं.

नवं चित्र काढलं. वर एक गोल, तारीख नसलेला. त्यात आधी लिहिलं, 'आरोग्य कार्यालयातील कर्मचारी, लक्षणे नाहीत'. त्याच्याकडून सहाही जणांकडे तुटक रेघांचे बाण. संध्याकाळी मामाला दाखवलं.

"हा कर्मचारी कोण?" मामाने विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून सगळा रंग उतरत गेला. त्याचा स्वतःचा गोल सर्वांत खाली होता, तेरा तारखेचा.

"मी नेलं तुला तिथे," तो म्हणाला. "मास्क खाली घे म्हणालो मी."

"तू ऐकू यावं म्हणून म्हणालास. मला माहिती असायला हवं होतं."

"काय उकरतेस आता? तीन महिने झाले. लोक विसरत आलेत."

"कोण विसरलंय, मामा? खिळे अजून तिथेच आहेत."

मामीने ओट्यापाशी उभं राहून सगळं ऐकलं होतं. नंतर बराच वेळ एकच भांडं घासत राहिली. त्या दिवसापासून तिने लोखंडाचा उल्लेख केला नाही.

मी 'कर्मचारी' खोडून तिथे 'मी' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात गेले. दोरांवर चादरी. घडीकाका भिंतीशी, एक चादर खिळ्यांना अडकवलेली. कोपरा सारखा निसटत होता. ते शांतपणे पुन्हा अडकवत होते.

बोलायला धीर नव्हता म्हणून मी सगळं लिहून आणलं होतं. दोन पानं. लांबूनच ती पुढे केली. त्यांनी वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि परत दिली.

"बोल," ते म्हणाले. "तीन महिने झाले, कुणाचं तोंड नाही पाहिलं. इथे हवा आहे. फरश्या मोज आणि उभी राहा."

मी सहा फरश्या मोजल्या, फूटभराच्या एकेक. मग आणखी दोन मागे सरले. मास्क खाली घेतला. पाच तारखेनंतर त्या माणसासमोर पहिल्यांदा.

"आवाज नको. तोंड नीट हलव."

मी आवाज न काढता सांगितलं. खुर्ची, काडी, नळी, लाल रेघ. पाच तारीख. आवाजाशिवाय वाक्यं फार उघडी पडतात. मध्ये 'संभाव्य', 'शक्यता' असं काही घालायला गेले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, ते शब्द ओठांवर वाचता येत नव्हते. म्हणून साधं बोलावं लागलं. माझ्या नाकात होता. मी तुमच्या तोंडाशी ओरडले. मग मी तुमच्यावर बाण काढला.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी नव्हतो?"

हो म्हणायला एक क्षण लागला असता. त्यांना तेवढंच हवं होतं. पण खोट्याने केलेली चूक दुसऱ्या खोट्याने कशी पुसायची?

"लंबूकाकांना थेट माझ्याकडून गेला, का तुमच्यामार्फत, ते कुणालाच सांगता येणार नाही," मी ओठांनी म्हटलं. "पण सुरुवात तुमच्यापासून झाली हे मी सांगितलं, ते चूक. आणि ते मी शोधायला हवं होतं. शोधलं नाही."

ते चादरीकडे वळले. कोपरा पुन्हा निसटला होता. तो त्यांनी उचलला, हातात तसाच धरून उभे राहिले.

"दवाखान्यात त्याच्या अंगाखाली आपलीच चादर होती," ते म्हणाले. "काचेतून दिसली. कोपऱ्यावर आपली खूण. मला वाटलं, ही मी आणि यानेच घडी केली असणार. आणि मी याला..."

मी पुढे होऊन दुसरं टोक धरावं असं मला वाटलं. ते वाटण्याचीही लाज वाटली. मी आठ फरश्यांवर तशीच उभी राहिले.

"लोखंडाची म्हणत होता ना तुझा मामा?" ते अचानक म्हणाले. "मास्क होता, पण इस्त्रीवाल्या बाईने हाताने करून दाखवलं मला. दंड दाखवला. सगळे हसले."

मी मान खाली घातली. मग आठवलं, की मान खाली घातली तर त्यांना माझं बोलणं दिसणार नाही. पुन्हा वर केली. "काका, मी..."

"मला काय सांगतेस? मला बावीस वर्षांत लंबूने एकदाही विचारलं नाही, चूक तुझी का माझी. जा, वहिनीला सांग."

"तुम्ही याल?"

"जिन्यापर्यंत."

बेसिनवरचा जुना कागद मामाने आमच्यादेखत काढला आणि नवा लावला. यंत्रं चालू होती. चार-पाच जण वाचायला जमले. एकाने वळून माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं नाही. इस्त्रीवाली बाई पुढे झाली, वरच्या गोलावर बोट ठेवून तिने माझ्याकडे बघितलं, 'तू?' मी मान हलवली. ती आपल्या टेबलाकडे परत गेली आणि तिने इस्त्री आपटल्यासारखी ठेवली.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर. घडीकाका पहिल्या जिन्याच्या वळणावर थांबले, कठड्याला धरून.

काकूंनी दार अर्धं उघडलं. मुकादमाची भाची म्हणून ओळखलं, आत घेतलं. खोलीत सगळं उंच माणसाच्या मापाचं होतं : आरसा उंच, कपड्यांची खुंटी उंच, तिच्याखाली आता एक स्टूल ठेवलेलं. मी खिडकीपाशी उभी राहून सांगितलं, यावेळी आवाजाने. एकदाही न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं.

त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुला काहीच झालं नाही?"

"नाही."

"एक दिवससुद्धा? अंगसुद्धा दुखलं नाही?"

"नाही."

"असं कसं होतं?"

मला कारणं पाठ होती. वय, जुन्या सर्दीची आठवण, जनुकं. त्यातलं एकही त्या खोलीत बोलता येईना.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं. ते खरंही होतं.

त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ खालच्या रस्त्यावरून एक गाडी मागे-मागे घेत असल्याचा आवाज येत राहिला.

"तो दोनदा आला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि म्हणाले, आता काय न्यायला आलास? त्याला ऐकू आलं नसेल असं वाटलं मला. पण मी मास्क घातला नव्हता." त्यांनी पदराने तोंड झाकलं. "त्याने वाचलं असणार."

मी उभी होते. 'आता काय न्यायला आलास' हे वाक्यही माझ्याच चित्रातून निघालं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून वदवलं गेलं होतं. तो बाण मी कुठल्याच कागदावर काढला नव्हता.

"खाली आहे का तो?"

"जिन्यात आहेत."

"वर पाठव." मी दारापर्यंत गेल्यावर त्या मागून म्हणाल्या, "आणि तू..." मी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी शोधल्यासारखं, बहुधा एखादी खूण, आजाराची. "तू जा आता."

जिन्याच्या वळणावर घडीकाका तसेच उभे होते. त्यांनी लगेच माझ्या तोंडाकडे पाहिलं. जिना अरुंद होता, मास्क खाली घेण्यासारखी जागा नव्हती. मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली आणि हाताने वर दाखवलं. ते एकेक पायरी चढत गेले. वर दार उघडलं. मी कान देऊन उभी राहिले, पण काही ऐकू आलं नाही. ती दोघं बोलत असली, तर ओठांनी बोलत होती.